हल्ली

उद्यमबागेत, तिसऱ्या फाटकाच्या आत,
जिथं आधी पंपांच्या पंख्यांचं ओतकाम चालायचं,
तिथं आता चपला बाहेर काढाव्या लागतात.
भिंतींत अजून वाळूचा, जळक्या लोखंडाचा वास आहे,
मास्क घातला तरी येतो.

काचेखाली माझं काम:
खसखशीहून बारका एक दिवा
इथून उचलायचा, तिथं ठेवायचा.
चिमटा चालत नाही. चिमट्यात तो फुटतो
नाहीतर चिमट्यालाच बसून राहतो रुसल्यासारखा.
डिंकही नको. डिंक मागे राहतो.

म्हणून हा रबरी ठसा,
करंगळीच्या नखाएवढा, वर कुसळांचं रान,
डोळ्याला न दिसणारं, सगळं एका अंगाला कललेलं,
पालीच्या तळपायावरून घेतलेलं.
झटक्यात उचलला, तर धरतो.
किंचित आडवा सरकवून उचलला, तर सोडतो.
एवढंच शास्त्र. बाकी मनगट.

शिवलीला पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "हल्ली."
मी वाट पाहिली. हल्ली काय?
हल्ली बस चुकते? हल्ली झोप लागत नाही?
ती बोट वर करून तशीच उभी.
ट्यूबलाइटच्या कडेला पाल होती.
तिच्या कानडीत पालीलाच हल्ली म्हणतात,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की मांडलेली अख्खी ओळ श्वासानं उडाली.
साहेबांनी पगार कापला नाही,
वहीत मात्र लिहून ठेवलं.

तेव्हापासून कुणी 'हल्ली' म्हटलं
की त्या वाक्यातून एक पाल चालत जाते.

सपाट काचेवर कुणालाही जमतं.
आमच्याकडे मागणी यायची वाकड्याची:
खानापूरच्या कौलावर लावा,
फणसाच्या काट्याकाट्यांत लावा,
निपाणीच्या तंबाखूच्या पानावर लावा.
ते पान चौथ्या दिवशी तपकिरी झालं, आक्रसलं,
दिवा सुरकुतीबरोबर दुमडला
आणि आतून पेटतच राहिला.
शिवलीला त्या दिवशी डबा खायला उशिरा आली.

मग कातडीची पाळी.
वडगावहून माझे चुलते आले, भुजंगतात्या,
चाळीस वर्षं मागावर बसलेले,
उजव्या तर्जनीला आता गरम-गार कळत नाही.
चहाचा पेला ते ओठांनी तपासतात.
त्या बोटावर, रेघांच्या अगदी शेंड्याला,
एक कणभर तापमापक बसवायचा होता.

"चिकटवणार कशानं?"
"कशानंच नाही."
"मग पडंल की."
"पडत नाही, तात्या."
त्यांनी वर पाहिलं. ती छताला होती,
उलटी, स्वस्थ, पोट धडधडतंय.
"हिला इचारलंस काय?"

मग स्वतःशीच बोलल्यासारखं,
"तुटल्यालं सूत आमी गाठीनं जोडत न्हाई.
गाठ फणीत अडकती.
राख लावायची, दोन टोकं पिळायची, बस.
कापडात कुटं जोडलंय ते
जोडनाऱ्यालाबी घावत न्हाई."

मी ठसा टेकवला.
रेघांवर कुसळं, घामाचा एक थेंब मध्ये आला, पुसला,
पुन्हा टेकवला.
शिवलीलाची नजर पडद्यावर.
"सावकाश," ती म्हणाली.
"सावकाश," तात्याही म्हणाले, त्याच घटकेला.
हा शब्द तिच्या शाळेतला की आमच्या
आम्ही कधी विचारलं नाही.
मी मनगट इतकंसं तिरकं केलं.
ठसा रिकामा वर आला.

चहा मागवला, काचेच्या पेल्यातून.
तात्यांनी बोट टेकवलं
आणि पडद्यावर आकडा चढला: चाळीस, एकावन्न, अठ्ठावन्न.
ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले,
मग बोटाकडे,
दूर गेलेल्या माणसाचं पत्र
दुसऱ्यानं वाचून दाखवावं तसे.
"कडक हाय म्हनतंय," ते म्हणाले,

आणि सवयीनं पेला ओठांशी नेला,
आधी फुंकर घातली,
मग खात्री करून घेतली.